चौदा कोअरचा जुना झिऑन की सहा कोअरचा आय५?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर विचारा किंवा ऑनलाइन शोधा, जुन्या वर्कस्टेशनची जाहिरात ठरलेली असते: १४ कोअर, २८ थ्रेड, ३५ एमबी कॅश, 'सर्व्हर ग्रेड'. (कोअर म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे हात, थ्रेड म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं, कॅश म्हणजे प्रोसेसरमधली छोटी, जलद मेमरी.) आतला प्रोसेसर बहुतेक वेळा इंटेलचा झिऑन ई५-२६८० व्ही४ असतो. २०१६ मध्ये तो आला तेव्हा इंटेलच्या यादीत त्याची किंमत १,७४५ डॉलर होती. पुढे डेटा सेंटरमधले सर्व्हर बदलले गेले आणि हे प्रोसेसर टोपलीभर बाजारात आले. आता अशा मशीनची तुलना होते ती जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या आय५-१२४०० शी. सहा कोअर, बारा थ्रेड, दिसायला अगदीच गरीब.

निकाल आधीच सांगतो. ऑफिस, टॅली, कोरलड्रॉ, फोटोशॉप, ऑटोकॅड, कॉलेजचं प्रोग्रॅमिंग, गेम, यांतलं काहीही करायचं असेल तर आय५ घ्या. झिऑन घ्यायचा तो भरपूर रॅम आणि भरपूर स्लॉट हवे असतील तरच. वेगासाठी घेतलात तर फसाल.

दोघांचा कागदावरचा हिशेब असा. झिऑनचा मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ. एकाच कोअरवर काम असेल तर टर्बो, म्हणजे वाढवलेला वेग, ३.३ पर्यंत जातो आणि चौदाही कोअर कामाला लागले की २.९ वर स्थिरावतो. आय५ एका कोअरवर ४.४ आणि सहाही कोअरवर ४.० गिगाहर्ट्झला चालतो. म्हणजे नुसत्या घड्याळात, गिगाहर्ट्झमध्येच, आय५ तिसऱ्या हिश्शाने पुढे. त्यात झिऑनचा कोअर ब्रॉडवेल घराण्यातला, १४ नॅनोमीटरचा, आणि आय५ चा कितीतरी नव्या अल्डर लेक घराण्यातला. दर ठोक्याला नवा कोअर साधारण दीडपट काम उरकतो. हे दोन्ही गुणले की एका कोअरला एक कोअर लावून आय५ जवळजवळ दुप्पट वेगवान ठरतो. सिनेबेंच आर२३ या वेगचाचणीत आय५-१२४०० एका कोअरवर १,७०० च्या आसपास गुण घेतो, झिऑन त्याच्या निम्म्यावर राहतो. सगळे कोअर लावल्यावर आय५ १२,००० च्या घरात जातो आणि झिऑन कसाबसा तिथेच पोचतो.

थोडक्यात, चौदा बैलांची आणि सहा बैलांची गाडी सारखीच धावते, तीही सगळे बैल एकदम जुंपले तर. रोजच्या कामात ते क्वचितच जुंपले जातात. एखादं काम किती कोअरमध्ये वाटता येतं यावर त्याचा वेग ठरतो आणि न वाटता येणारा भाग सगळ्यांना अडवून धरतो. याला अ‍ॅमडालचा नियम म्हणतात. आकडे घालून पाहू. झिऑनच्या एका कोअरचा वेग १ आणि आय५ च्या एका कोअरचा २ धरा. कामाचा ७५ टक्के भाग वाटता येत असेल तर झिऑनचा एकूण वेग ३.३ निघतो आणि आय५ चा ५.३. भाग ९५ टक्के असेल तर झिऑन ८.५, आय५ ९.६, म्हणजे अजूनही आय५ पुढे. झिऑनने बाजी मारायला कामाचा सुमारे ९८ टक्के भाग वाटता यायला हवा. पूर्ण १०० टक्के वाटता आला तरी १४ विरुद्ध १२, एवढाच फरक.

आता ही टक्केवारी खऱ्या सॉफ्टवेअरला लावा. ऑटोकॅडमध्ये ड्रॉइंग फिरवणं, रीजेन करणं (ते पुन्हा आखून घेणं) हे जवळजवळ सगळं एका कोअरवर चालतं. मोठ्या एक्सेल शीटमधली एकमेकांवर टेकलेली सूत्रं आणि कोरलड्रॉमधलं बरंचसं काम याच जातीचं. डीटीपीवाल्यांना दुकानदार 'चौदा कोअर आहेत, फाइल उडेल' असं सांगतो, त्यांनी तिथेच कोरल उघडून आपली सगळ्यात जड फाइल चालवून पाहावी. टास्क मॅनेजरमध्ये एक-दोन कोअर भरलेले आणि बाकीचे झोपलेले दिसतील. २८ थ्रेडच्या मशीनवर एक थ्रेड पूर्ण भरला तर एकूण वापर जेमतेम ३.६ टक्के दिसतो. 'प्रोसेसर तर रिकामाच आहे, मग मशीन हळू का?' हा प्रश्न तिथूनच येतो.

व्हिडिओ एडिटिंगमध्ये झिऑनची आणखी एक उणीव बाहेर येते. या प्रोसेसरात ग्राफिक्स नाही. त्यामुळे इंटेलचं क्विक सिंक (ग्राफिक्सकडून व्हिडिओ उलगडून घेण्याची सोय) नाही, आणि मोबाइलवर शूट केलेली एचईव्हीसी प्रकारची व्हिडिओ फाइल टाइमलाइनवर ओढली की सगळा भार कोअरवर पडतो. आय५-१२४०० मध्ये यूएचडी ७३० हा ग्राफिक्स भाग आहे, तो हे काम हसतखेळत करतो. पण नावाच्या शेवटी 'एफ' असलेला १२४००एफ घेतला तर तेही गेलं. थोडे पैसे वाचवायला 'एफ' घेऊन वर ग्राफिक्स कार्ड विकत घेणारे बरेच आहेत.

ब्लेंडरचं सीपीयू रेंडर, हँडब्रेकमध्ये एक्स२६५ ने व्हिडिओ बदलणं, मोठ्या सी++ प्रकल्पाचं कंपायलेशन, इथे दोघे बरोबरीला येतात. कंपायलेशनच्या शेवटी लिंकिंगचा, म्हणजे तुकडे जोडण्याचा, टप्पा असतो, तो पुन्हा एकाच कोअरवर अडतो आणि तिथे आय५ पुढे निघून जातो. बजेट थोडं वाढवून रायझन ७ ५७००एक्स घेतला (आठ कोअर, ६५ वॅट, ३२ एमबी कॅश, ग्राफिक्स नाही) तर बरोबरीचा प्रश्नच उरत नाही, झिऑन सरळ मागे पडतो.

मग झिऑन कशात जिंकतो? मेमरीत. या प्रोसेसरला चार मेमरी चॅनल आहेत, डीडीआर४-२४०० ने भरले तर सेकंदाला ७६.८ जीबी वाहतूक होते. आय५ ला दोनच चॅनल, डीडीआर४-३२०० वर ५१.२ जीबी. द्रवगतिकीची सिम्युलेशन, मोठ्या मॅट्रिक्सचं गणित अशी मेमरीवर तहानलेली कामं झिऑनवर त्यामुळे बरी चालतात. एक गंमत मात्र लक्षात ठेवा. आय५-१२४०० डीडीआर५ च्या बोर्डवर बसवला आणि ४८०० च्या दोन काड्या लावल्या तर त्याचीही वाहतूक नेमकी ७६.८ जीबी होते. चार चॅनलचा फायदा एका पिढीने पुसून टाकला.

रॅमच्या क्षमतेत मात्र झिऑनला डेस्कटॉपवाला गाठू शकत नाही. आय५ ची मर्यादा १२८ जीबी, ई५ व्ही४ ची कागदोपत्री १.५ टीबी. एका सॉकेटच्या वर्कस्टेशनमध्ये आठ स्लॉट मिळतात. त्यात ३२ जीबीच्या आठ काड्या घातल्या की २५६ जीबी झाली. प्रॉक्समॉक्सवर (एका मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणारी प्रणाली) वीस-पंचवीस व्हर्च्युअल मशीन चालवायची, नेटवर्किंगची लॅब उभी करायची, मोठा डेटाबेस पूर्ण रॅममध्ये ठेवायचा, अशा वेळी कोअरचा वेग दुय्यम असतो आणि रॅम आधी संपते. त्यासाठी हा प्रोसेसर आजही चांगला सौदा आहे. त्याला पीसीआयई ३.० च्या ४० लेन, म्हणजे कार्डांशी डेटा नेणाऱ्या वाटा, आहेत, म्हणजे दोन ग्राफिक्स कार्ड, एक १० गिगाबिट नेटवर्क कार्ड आणि जास्त डिस्क जोडणारं एक एचबीए कार्ड एकमेकांचा श्वास न कोंडता राहतात. आय५ कडून थेट २० लेन येतात. त्या नव्या पिढीच्या आणि वेगवान आहेत, पण कार्डांची संख्या वाढली की स्लॉटच संपतात.

आणि ईसीसी रॅम, ती झिऑनला चालते. रॅममध्ये एखादा बिट उलटला तर ईसीसी तो दुरुस्त करते, दोन उलटले तर निदान ओरडते. हिशेबाचा सर्व्हर किंवा झेडएफएस या फाइल-प्रणालीवरचा स्टोरेज बॉक्स वर्षानुवर्षं चालू राहणार असेल तर याचं मोल आहे. एएम४ सॉकेटच्या रायझनमध्येही बोर्ड उत्पादकाने सोय दिली असेल तर ईसीसी चालते, पण ग्राफिक्सवाल्या 'जी' मालिकेत फक्त 'प्रो' प्रकारांतच. इंटेलच्या बाराव्या पिढीत त्यासाठी डब्ल्यू६८० चिपसेटचा बोर्ड लागतो आणि तोही काही ठरावीक प्रोसेसरांबरोबर. तो खर्च धरला की आय५ चा स्वस्तपणा संपतो.

रॅम घेताना सगळ्यात जास्त गोंधळ होतो. सर्व्हरमधून निघालेली रॅम 'रजिस्टर्ड' असते, म्हणजे काडीवर एक मधली चिप असते. तिच्या लेबलवर २आरएक्स४ पीसी४-२४००टी-आर असं काहीतरी छापलेलं असतं. शेवटच्या गटातलं अक्षर पाहा: 'आर' म्हणजे रजिस्टर्ड, 'एल' म्हणजे लोड-रिड्यूस्ड, 'यू' म्हणजे साधी डेस्कटॉपची, 'ई' म्हणजे ईसीसी असलेली पण रजिस्टर नसलेली. 'आर' ची काडी आय५ किंवा रायझनच्या बोर्डात जाऊन बसते, कारण खाच एकच आहे, पण मशीन सुरू होत नाही. 'आर' आणि 'एल' एकाच मशीनमध्ये मिसळायच्या नाहीत. आणि चार चॅनल हवे असतील तर काड्या चारच्या पटीत घ्या आणि बोर्डवर छापलेल्या क्रमानेच लावा. ३२ जीबीच्या दोन काड्या लावून दिलेलं 'क्वाड चॅनल' मशीन प्रत्यक्षात अर्ध्या मेमरी वेगावर चालतं.

विजेचं गणित दुकानात कुणी मांडत नाही. झिऑनचा टीडीपी (कंपनीने ठरवलेला विजेचा आकडा) १२० वॅट, आय५ चा ६५ (थोड्या वेळासाठी ११७ पर्यंत). पूर्ण भारावर आय५ साधारण ७० वॅटच्या आसपास राहतो. जुना चिपसेट, आठ काड्या, वेगळं ग्राफिक्स कार्ड हे सगळं धरून दोन मशीनमध्ये ६० वॅटचा फरक माना. ऑफिसात दिवसाला १० तास, महिन्याला २६ दिवस म्हणजे १५.६ युनिट. चोवीस तास चालणाऱ्या सर्व्हरला महिन्याला ४३.२ युनिट, वर्षाला ५१८. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाचे ५,१८० रुपये झाले, आणि दुकानाच्या मीटरचा दर याहून चढा असू शकतो. तीन वर्षांचा हा आकडा जुन्या मशीनच्या किमतीत मिळवून मगच तुलना करा. इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर चालवणार असाल तर बॅकअपचा वेळही त्याच हिशेबात कमी होतो.

इथे कुणी म्हणेल, ही तुलनाच अन्यायाची, २०१६ विरुद्ध २०२२. बरोबर. म्हणून एकाच पिढीचे दोन घेऊ: एएमडीचा डेस्कटॉपचा रायझन ९ ७९५०एक्स आणि सर्व्हरचा एपिक ९६५४, दोन्ही २०२२ चे, दोन्ही झेन ४ वर बांधलेले. आठ-आठ कोअरच्या छोट्या तबकड्या जोडून दोन्ही बनतात. रायझनमध्ये अशा २, एपिकमध्ये १२. म्हणजे १६ कोअर विरुद्ध ९६. कोअरची जात एकच, तरी रायझन ५.७ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि एपिक ३.७ वर थांबतो. याचं एक मोठं कारण विजेत आहे. एपिकला ३६० वॅट मिळतात, ते ९६ कोअरमध्ये वाटले की प्रत्येकी ३.७५ वॅट. रायझनचे १७० वॅट १६ कोअरमध्ये वाटले की प्रत्येकी १०.६. अर्धपोटी कोअर तेवढा धावणार नाही. मेमरीचं वाटप मात्र सारखंच आहे: एपिकला १२ चॅनलमधून ४६०.८ जीबी, म्हणजे कोअरमागे ४.८, रायझनला दोन चॅनलमधून ८३.२ जीबी, म्हणजे कोअरमागे ५.२. आणि किंमत? बाजारात आले तेव्हा एपिक ११,८०५ डॉलर, रायझन ६९९. कोअरमागे १२३ विरुद्ध ४४ डॉलर. जास्त पैसे देऊन हळू कोअर घ्यायचा तो एकाच डब्यात ९६ कोअर, १२८ लेन आणि कित्येक टीबी रॅम बसते म्हणून.

वेगही हवा आणि सर्व्हरही हवा अशांसाठी एपिक ९१७४एफ आहे: १६ च कोअर, मूळ वेग ४.१ गिगाहर्ट्झ, २५६ एमबी कॅश, ३२० वॅट. तो मुख्यतः कोअरवर परवाना आकारणाऱ्या डेटाबेससाठी घेतात, कारण तिथे परवान्याच्या किमतीपुढे प्रोसेसरची किंमत किरकोळ ठरते. उलट २०२४ च्या मे महिन्यात आलेला एपिक ४५६४पी पाहा: १६ कोअर, ५.७ गिगाहर्ट्झ, १७० वॅट, एएम५ सॉकेट, ६९९ डॉलर. आकडे ओळखीचे वाटतात ना? 'सर्व्हर' हा शब्द पाटीवर आहे म्हणून आत काय आहे ते बदलत नाही.

पुन्हा जुन्या झिऑनकडे. घ्यायचं ठरलंच असेल तर कशात घ्यायचा हे जास्त महत्त्वाचं. डेलचं प्रिसिजन टी५८१० किंवा एचपीचं झेड४४० असं ब्रँडेड वर्कस्टेशन पहिली पसंती. बोर्ड दणकट, हवा नीट खेळते. अडचण एवढीच की पीएसयू (वीजपुरवठ्याचा डबा) त्यांच्या खास मापाचा असतो. तो गेला तर बाजारातला एटीएक्स बसत नाही, तोच जुना शोधावा लागतो. एम.२ स्लॉट नसतो, म्हणून वेगवान एनव्हीएमई ड्राइव्ह पीसीआयई अ‍ॅडॉप्टरवर लावावा लागतो, आणि त्यावरून बूट करायला बायोस अद्ययावत हवा. आधीच्या व्ही३ पिढीचा प्रोसेसर असलेल्या मशीनमध्ये स्वतः व्ही४ टाकायचा असेल तर आधी जुन्या प्रोसेसरवरच बायोस अपडेट करा, नंतर बदला. उलट क्रमाने केलं तर काळी स्क्रीन.

त्याआधीच्या पिढीच्या, झेड४२० आणि झेड६२० च्या वाटेला जाऊ नका असंच आमचं मत. त्यात डीडीआर३ आणि व्ही१ किंवा व्ही२ प्रोसेसर असतात, त्यांना एव्हीएक्स२ (एकदम बरेच आकडे मोजणाऱ्या) सूचना येत नाहीत आणि काही नवी सॉफ्टवेअरं त्यामुळे सुरूच होत नाहीत. त्यात बायोसमध्ये बूट ब्लॉकची (मशीन सुरू करणाऱ्या मूळ भागाची) तारीख २०११ ची असेल तर व्ही२ प्रोसेसरही चालत नाही, २०१३ ची लागते; आणि ती तारीख साध्या बायोस अपडेटने बदलत नाही.

चिनी एक्स९९ बोर्ड स्वस्त असतात, नवेकोरे दिसतात, पण त्यांवरचे चिपसेट अनेकदा जुन्या बोर्डांवरून काढलेले असतात. चार स्लॉट असूनही चॅनल दोनच, स्लीपमधून मशीन न उठणं, व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) नावापुरता हीटसिंक, या नेहमीच्या तक्रारी. 'टर्बो अनलॉक' (सगळे कोअर कमाल टर्बोवर चालवणं) करून देतो असं कुणी सांगितलं तर विचारा कोणत्या प्रोसेसरवर. ती युक्ती व्ही३ वर चालते, व्ही४ वर नाही.

कूलर घेताना सॉकेटभोवतीच्या भोकांचं अंतर मोजा. चौकोनी पट्टी ८० × ८० मिमी, अरुंद पट्टी ५६ × ९४ मिमी. एकीचा कूलर दुसरीवर बसत नाही आणि 'एलजीए २०११ ला चालेल' एवढं वाक्य पुरेसं नाही.

विंडोजचंही पाहून घ्या. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ई५ व्ही४ विंडोज ११ च्या मान्य यादीत नाही. वळसे घालून ते चढवता येतं, पण ज्या ऑफिसात ऑडिट होतं तिथे ते नको. लिनक्स किंवा प्रॉक्समॉक्स असेल तर हा प्रश्न येत नाही. मेल्टडाउनसारख्या सुरक्षेच्या त्रुटींवरचे इलाज मात्र ब्रॉडवेलला सॉफ्टवेअरमधून करावे लागतात, आणि डेटाबेस किंवा छोट्या फाइलींची सतत उलाढाल असलेल्या कामात त्याची किंमत मोजावी लागते.

दोन सॉकेटच्या मशीनचा मोह सांभाळून. अर्धी रॅम एका प्रोसेसरकडे, अर्धी दुसऱ्याकडे, आणि पलीकडची रॅम गाठायला वेळ लागतो. विंडोज होम दुसरा प्रोसेसर वापरतच नाही, निदान प्रो लागतं. एकूण थ्रेड ६४ च्या वर गेले की विंडोज त्यांचे दोन गट करतं आणि जुनं सॉफ्टवेअर एकाच गटात अडकून बसतं.

दुकानात निदान एक तास काढा. प्रोसेसरच्या टोपीवर एसआर२एन७ हा कोड हवा. 'इंटेल कॉन्फिडेन्शियल' छापलं असेल तर तो चाचणीचा नमुना आहे, घेऊ नका. सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मेमरीचे चारही चॅनल दिसले पाहिजेत. एखाद्या काडीची मेमरी कमी दिसली तर लगेच काडीला दोष देऊ नका. सॉकेटमधली पिन वाकलेली असू शकते, किंवा कूलर एका बाजूला जास्त आवळलेला. चारही स्क्रू कर्णाच्या क्रमाने सैल करून पुन्हा सारखे आवळा आणि पाहा. मग सगळ्या कोअरवर अर्धा तास भार द्या, वेग २.९ गिगाहर्ट्झच्या खाली घसरत असेल तर वाळलेली थर्मल पेस्ट, अडलेला पंखा किंवा तापलेला व्हीआरएम यांपैकी काहीतरी आहे. भार एव्हीएक्सचा असेल तर थोडी घसरण नैसर्गिक, ती दोष समजू नका. शेवटी मेमटेस्ट८६ चा एक पूर्ण फेरा. २५६ जीबीला तो कित्येक तास घेतो, म्हणून मशीन रात्रभर दुकानातच चालू ठेवायला सांगा. आणि बिलावर प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि रॅमच्या काड्यांचे पार्ट नंबर लिहून घ्या. नुसतं 'झिऑन वर्कस्टेशन' लिहिलेल्या बिलावर व्ही४ च्या जागी व्ही३ निघाला तर भांडायला हातात काहीच राहत नाही.